कोर्टाच्या निकालाची बातमी आपल्या केसला लागू होते का? वकिलाकडे जाण्याआधी काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

विदर्भातल्या एका तालुक्याच्या कोर्टात विधी स्वयंसेवक म्हणून मी बसते. आठवड्यातून दोन-तीन जण तरी पेपरचं कात्रण किंवा मोबाइलवरचा मेसेज घेऊन येतात. ‘सुप्रीम कोर्टाने सांगितलं आहे, आता आपलं काम झालं.’ त्यांतले काही जण तोवर धुरा (बांध) फोडून बसलेले असतात, कुणी नोटीस पाठवलेली असते, कुणी अपिलाची मुदत घालवलेली असते. बातमी बहुतेक वेळा खोटी नसते. ती दुसऱ्या कुणाच्या कागदांवर दिलेल्या निकालाची असते, एवढंच. आपल्या कागदांशी ती जुळते का, हे पाहण्याची एक रीत आहे. क्रम चुकला की पैसा आणि महिने दोन्ही जातात, म्हणून पायऱ्या खाली आहेत त्याच क्रमाने करा.

आधीची तयारी: पिशवीत काय हवं

बातमी बाजूला ठेवा. आधी आपले कागद एका जागी आणा.

चालू सातबारा आणि आठ-अ. त्या गट नंबरवरचे सगळे फेरफार, फक्त शेवटचा नाही. १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखाची नक्कल, कारण आपल्याकडे जमीन मुळात कोणाची आणि कोणत्या प्रकारची होती याचा पत्ता बहुतेकदा तिथेच लागतो. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, जे असेल ते. वंशावळ, आणि त्यात प्रत्येकाच्या मृत्यूची व मुलींच्या लग्नाची तारीख. केस चालू असेल तर केस नंबर, पुढची पेशी (कोर्टाची तारीख) आणि आतापर्यंतच्या आदेशांच्या प्रती. पोस्टाने आलेल्या नोटिशीचं पाकीट फेकू नका, त्यावरची तारीख पुढे लागते.

मग वहीच्या एका पानावर तारखा लिहा. फक्त तारखा आणि समोर चार शब्द: ‘१२-४-१९९७ वाटणी’, ‘३-९-२०११ वडील वारले’. हे पान पुढच्या प्रत्येक पायरीत लागेल. ते नसेल तर चौथी पायरी होतच नाही.

तपासणी: वाटणी झाली असेल तर ती नोंदणीकृत आहे, तहसीलमधून महसूल संहितेच्या कलम ८५ खाली झालेली आहे, की नुसती तोंडी आहे? या तिन्हींचं वजन वेगळं असतं. ‘वाटणी झाली’ एवढंच लिहून ठेवू नका.

पायरी १: बातमीतून पाच गोष्टी वेगळ्या काढा

कोणतं कोर्ट, किती न्यायमूर्ती, कोणती तारीख, केसचं नाव किंवा नंबर, आणि कोर्टाने नेमकं काय दिलं: अंतिम निकाल, अंतरिम आदेश, की सुनावणीत नुसतं तोंडी बोललं.

शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त चुकते. ‘हायकोर्टाने सरकारला फटकारलं’ ही बातमी पुष्कळदा सुनावणीत न्यायमूर्ती जे बोलले त्याची असते. लेखी आदेशात ते वाक्य नसेल तर त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही. अंतरिम आदेश त्या केसमधल्या लोकांपुरता आणि पुढची तारीख किंवा अंतिम निकाल येईपर्यंतचा असतो.

कोर्टही पाहा. सुप्रीम कोर्टाने सांगितलेला कायदा घटनेच्या कलम १४१ नुसार देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक आहे. विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांना मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ लागतं. अलाहाबाद किंवा मद्रास हायकोर्टाचा निकाल आपल्या वकिलाला दाखला म्हणून देता येतो, पण आपल्या तालुका कोर्टावर तो बंधनकारक नाही. मेसेजमध्ये नुसतं ‘हायकोर्ट’ लिहिलेलं असेल तर कोणतं हायकोर्ट हे कळेपर्यंत पुढे जाऊ नका.

इशारा: ज्या मेसेजमध्ये तारीखही नाही आणि केसचं नावही नाही, त्याच्या मागे धावू नका. आणि पुढेही पाठवू नका.

पायरी २: मूळ निकाल मिळवा

सुप्रीम कोर्टाचे निकाल त्यांच्या संकेतस्थळावर तारखेनुसार, केस नंबरनुसार आणि पक्षकारांच्या नावाने फुकट मिळतात. ई-एससीआर या त्यांच्याच पोर्टलवरही शोधता येतं. २०२३ पासून प्रत्येक निकालाला एक सोपा क्रमांक असतो: वर्ष, मग ‘आयएनएससी’ ही अक्षरं, मग आकडा. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रमांकात वर्षानंतर ‘बीएचसी’ आणि नागपूर खंडपीठासाठी ‘एनएजी’ असतं. शेवटी ‘डीबी’ असेल तर तो दोन न्यायमूर्तींचा निकाल. बातमीत हा क्रमांक दिला असेल तर काम पाच मिनिटांचं आहे.

जिल्हा आणि तालुका कोर्टाचं सगळं ई-कोर्ट्स ॲपवर आहे. तिथे सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर टाकला की पेशीची तारीख आणि आदेश दिसतात. स्वतःच्या केसचा सीएनआर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

गावात नेट नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रात किंवा कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे हे होतं, पण तिथे ‘तो बहिणीच्या हिश्शाचा निकाल काढून द्या’ म्हणू नका. तारीख आणि केसचं नाव चिठ्ठीवर लिहून द्या.

काही निकालांचं मराठी भाषांतर सुप्रीम कोर्टाच्याच साइटवर मिळतं. समजून घ्यायला ते चांगलं आहे, पण अधिकृत धरली जाते ती इंग्रजी प्रत. शब्दावर वाद होईल तिथे इंग्रजीतलं वाक्य पाहावं लागतं.

तपासणी: पहिल्या पानावरची तारीख, कोर्ट आणि पक्षकारांची नावं बातमीशी जुळतात का? एकाच नंबरखाली शेकडो आदेश असू शकतात. विदर्भाच्या झुडपी जंगलाचा (महसुली नोंदीत तसं लिहिलेल्या खुरट्या झुडपांच्या जमिनींचा) निकाल वनांच्या ज्या जुन्या याचिकेत झाला ती १९९५ ची, क्रमांक २०२. त्या नंबरने शोधाल तर ढीगभर आदेश निघतील. २२ मे २०२५ ही तारीख टाकली तरच हवा तो सापडेल.

पायरी ३: निकाल शेवटून वाचा

लोक पहिल्या पानापासून वाचू लागतात आणि दहाव्या पानावर सोडून देतात. त्यातही एक मोठा धोका आहे: सुरुवातीला दोन्ही बाजूंच्या वकिलांचं म्हणणं असतं. तेच कोर्टाचं मत समजून त्याखाली रेघ मारून आणलेली प्रत मी कितीदा तरी पाहिली आहे.

म्हणून आधी शेवटची तीन-चार पानं वाचा. कोर्टाने प्रत्यक्षात काय करायला सांगितलं ते तिथे असतं. मग सुरुवातीची पानं: कोण कोणाशी भांडत होतं, जमीन कोणती, काय घडलं. मधला भाग सगळ्यात शेवटी.

झुडपी जंगलाच्या निकालावर हे करून पाहा. त्या दिवशी मोबाइलवर दोन बातम्या फिरत होत्या. एक म्हणे ‘झुडपी जंगल हे वनच’, दुसरी म्हणे ‘झुडपी जमिनीवरच्या घरांना दिलासा’. लोक गोंधळले, आणि ज्याला जी बरी वाटली ती त्याने धरली. दोन्ही एकाच निकालातल्या आहेत. शेवटच्या पानांवर क्रमाने असं आहे: झुडपी जंगल जमीन सुप्रीम कोर्टाच्याच १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानुसार वन समजायची. त्या तारखेपर्यंत सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या आणि नोंदीचा प्रकार न बदललेल्या जमिनींसाठी राज्य सरकारने १९८० च्या वनसंवर्धन कायद्याच्या कलम २ खाली केंद्राची मंजुरी मागायची. त्या तारखेनंतर ज्यांनी वाटप केलं त्या अधिकाऱ्यांचा हिशेब द्यायचा. आणि अतिक्रमणं काढायला जिल्ह्याजिल्ह्यात विशेष पथक नेमायचं.

आता नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली यांपैकी कुठल्या गावात तुमचं घर अशा जागेवर असेल, तर बातमी वाचून घाबरण्याचं किंवा पेढे वाटण्याचं कारण नाही. तुमच्यासाठी प्रश्न दोनच उरतात. जागा कोणी दिली, आणि कोणत्या तारखेला? पट्ट्याचा आदेश १९९४ चा असेल तर तुम्ही एका गटात, २००१ चा असेल तर दुसऱ्या. आदेशच नसेल आणि नुसती घरकराची पावती असेल, तर तिसऱ्याच. घरकराची पावती म्हणजे वाटप नव्हे. आणि पहिल्या गटालाही निकालाने आपोआप काही मिळालं नाही, तुमची जागा सरकारच्या प्रस्तावात गेली का हे पाहावं लागेल. तहसीलमध्ये लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन, हे विचारा.

वाचताना काही इंग्रजी शब्द ओळखायला शिका. ‘इन द पिक्युलियर फॅक्ट्स’ म्हणजे याच केसपुरतं. ‘आर्टिकल १४२’ म्हणजे त्या पक्षकारांना न्याय देण्यासाठी सुप्रीम कोर्टाने आपला खास अधिकार वापरला, दुसऱ्याला तसंच मिळेल असं नाही. ‘लेफ्ट ओपन’ म्हणजे हा प्रश्न कोर्टाने सोडवलाच नाही. ‘रिमांडेड’ म्हणजे केस पुन्हा खाली पाठवली, कोणी जिंकलं नाही.

पायरी ४: आपल्या कागदांशी ताडून पाहा

वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे निकालातली गोष्ट, उजवीकडे आपली. जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टाची? वाटणी झाली होती का, कशी? मृत्यू कधी? सरकारी जमीन की खासगी? प्रत्येक ओळीसमोर ‘जुळतं’ किंवा ‘जुळत नाही’ लिहा.

एका ताईंचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून. पेपरचं कात्रण त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून जपून ठेवलं होतं, कडा पिवळ्या पडल्या होत्या. बातमी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाची. मुलगी जन्मानेच सहदायाद (वडिलोपार्जित मिळकतीची हिस्सेदार) आहे, वडील ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात असण्याची गरज नाही. ताई म्हणाल्या, ‘माझे बाबा तर २०११ साली गेले, म्हणजे माझं पक्कंच.’ भावांना नोटीस जाऊन चुकली होती. दिवाळीचं येणंजाणं बंद झालं होतं.

आम्ही पान दुमडून बसलो. निकालात आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम ६ मध्ये एक तारीख आहे: २० डिसेंबर २००४. त्याआधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटणी झाली असेल तर ती उघडत नाही. ताईंच्या भावाने आणलेल्या पिशवीत आठ एकरांचं १९९७ चं वाटणीपत्र होतं. मागच्या पानावर दुय्यम निबंधकाचा गोल शिक्का होता, शाई फिकी, पण दस्त क्रमांक वाचता येत होता. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना सहदायादाचा हक्क दिला होता, पण ज्यांचं लग्न त्याआधी झालं त्यांना तो नव्हता, आणि ताईंचं लग्न १९८९ चं. त्या आठ एकरांत २०२० च्या निकालावर त्यांना उभं राहता येत नव्हतं.

पण वंशावळीचं पान उलटताना दुसरं वावर निघालं. तीन एकर, वडिलांनी पुढे स्वतःच्या कमाईतून घेतलेलं, वाटणीपत्रात नसलेलं. वडील मृत्युपत्र न करता गेले. त्या तीन एकरांत ताई वर्ग एकच्या (कायद्याने पहिला हक्क असलेल्या) वारस होत्याच, भावांइतक्याच. त्यासाठी २०२० च्या निकालाची गरजच नव्हती, १९५६ चा कायदा पुरेसा होता. नोटिशीत मात्र त्या वावराचा उल्लेखच नव्हता.

इशारा: तोंडी वाटणी असेल तर वाद जास्त नाजूक आहे. याच निकालाने म्हटलं आहे की नुसत्या तोंडी पुराव्यावरची वाटणी मानायची नाही, पण सार्वजनिक दस्तांचा भक्कम आधार असेल तर अपवाद म्हणून मानता येईल. तुमची कलम ८५ ची वाटणी किंवा जुना फेरफार यात कुठे बसतो, हे घरी ठरवू नका. कागद वकिलासमोर ठेवा.

फेरफारात नाव लागलं म्हणजे मालकी मिळाली, असंही धरू नका. महसुली नोंद सारावसुलीसाठी असते, मालकीचा वाद दिवाणी कोर्टात सुटतो, हे सुप्रीम कोर्टाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. म्हणून कात्रण घेऊन तलाठ्याशी भांडण्यात अर्थ नाही. त्याच्या हातात तो निर्णय नाहीच.

पायरी ५: त्या निकालाचं पुढे काय झालं ते पाहा

हायकोर्टाच्या निकालाला वर स्थगिती मिळाली का? पुनर्विलोकन, म्हणजे त्याच कोर्टाकडून फेरविचार, झालं का? मोठ्या पीठाने तो मोडला का? नंतर कायदाच बदलला का? केसच्या नावाने पुन्हा एकदा शोधा, या वेळी निकालाच्या तारखेनंतरचं.

मुलींच्या हक्काबाबत २०१५ चा प्रकाश विरुद्ध फुलवती हा निकाल सांगणारे मेसेज मला अजून येतात: २००५ मध्ये वडील हयात हवेत, नाहीतर हक्क नाही. हे मत २०२० च्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मोडीत काढलं. तरी एका बहिणीने तो मेसेज वाचून हक्कसोडपत्रावर सही करून टाकली होती.

आदिवासी कुटुंबांनी ही पायरी दोनदा करावी. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या केसमध्ये (२०२५ आयएनएससी ८६५) सांगितलं की स्त्रीला वारसा नाकारणारी रूढी सिद्ध झाली नसेल तर तिच्या वारसांना समान हिस्सा मिळेल. लगेच ऑक्टोबर २०२५ मध्ये हिमाचलच्या एका केसमध्ये सांगितलं की हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. गडचिरोली किंवा झरी-जामणीकडच्या बाईला हे वाचून वाटतं, एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढलं. तसं नाही. पहिल्या निकालाने हिंदू वारसा कायदा लावलाच नव्हता. त्याने जुन्या मध्य प्रांताच्या १८७५ च्या कायद्यातलं न्याय आणि सद्सद्विवेकाचं तत्त्व आणि घटनेतली समानता यांचा आधार घेतला. दुसऱ्याने कायद्याचं कलम २(२) जसं आहे तसं वाचलं. दोन्ही एकत्र उभे राहतात. म्हणून गोंड, कोलाम किंवा कोरकू बहिणीने दाव्यात ‘हिंदू वारसा कायद्याखाली हिस्सा’ असं छापील वाक्य घालू देऊ नये. आपल्या जमातीत मुलीला न देण्याची रूढी खरंच आहे का, आणि समोरचा ती सिद्ध करू शकतो का, यावर ही लढाई आहे.

इशारा: ‘सुप्रीम कोर्टाने अपील फेटाळलं, म्हणजे हायकोर्टाचं बरोबर ठरलं’ हे नेहमी खरं नसतं. कारणं न देता विशेष अनुमती याचिका (सुप्रीम कोर्टात अपिलाची परवानगी मागणारा अर्ज) फेटाळली असेल तर त्याने नवा कायदा ठरत नाही.

पायरी ६: स्वतःच्या मुदतीचं घड्याळ पाहा

खरं तर हे पहिल्या दिवशीच पाहावं, पण निकाल वाचल्यावर लोक इथेच सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून वेगळं लिहिते. नवा निकाल आल्याने तुमची जुनी मुदत पुन्हा सुरू होत नाही.

तालुका दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील: ३० दिवस. जिल्हा न्यायालयाच्या निकालावर नागपूरला दुसरं अपील: ९० दिवस. महसुली आदेशावर महसूल संहितेच्या कलम २५० प्रमाणे, आदेश जिल्हाधिकाऱ्याहून खालच्या अधिकाऱ्याचा असेल तर ६० दिवस, नाहीतर ९०. वहिवाटीचा रस्ता अडवला म्हणून मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दावा: अडवल्यापासून सहा महिने. नांगरणीच्या दिवसांत अडवलेला पांदण रस्ता ‘पीक निघाल्यावर पाहू’ म्हणून सोडला की हे सहा महिने कापसाच्या वेचणीतच निघून जातात.

निकाल लागला त्याच दिवशी प्रमाणित प्रतीचा, म्हणजे नकलेचा अर्ज द्या. नक्कल मिळण्यात गेलेले दिवस मुदतीतून वजा होतात, पण अर्ज दिल्यावरच. अर्जाची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख नकलेवरच लिहिलेली असते, ती पाहून घ्या.

आणि तुमची केस आधीच अंतिम झाली असेल, तर? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४७ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की नंतर दुसऱ्या केसमध्ये वरच्या कोर्टाने कायदा बदलला, हे पुनर्विलोकनाचं कारण होत नाही. त्या नावाने कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

इशारा: बातमीच्या भरवशावर वावरात काही करू नका. धुरा फोडणं, ताबा घेणं, उभं पीक काढणं, कुंपण टाकणं यांतलं काहीही केलं की दिवाणी हक्काच्या माणसावर फौजदारी गुन्हा बसू शकतो, आणि मग जमिनीची पेशी वेगळी, पोलीस ठाण्याची फेरी वेगळी. ‘बारा वर्षं ताबा म्हणजे मालकी’ हा मेसेज वाचून असं करणारे सगळ्यात जास्त. सुप्रीम कोर्टाच्या २०१९ च्या निकालाने एवढंच म्हटलं की विरुद्ध कब्जा (खऱ्या मालकाचा हक्क नाकारून बारा वर्षं उघडपणे ठेवलेला ताबा) सिद्ध करणारा माणूस स्वतः दावाही दाखल करू शकतो. नुसत्या ताब्याला, ठोक्याने (ठरलेल्या भाड्याने) किंवा बटईने (पिकाच्या वाट्याने) केलेल्या वहितीला, ते लागू नाही. सरकारी जमिनीला मुदतही बारा नाही, तीस वर्षं आहे.

पायरी ७: आता वकिलाकडे

बरोबर काय न्यायचं: कागदांची पिशवी, तारखांचं पान, दुमडलेलं पान, निकालाची प्रत. निकालाच्या प्रतीवर तुमच्या कामाचे परिच्छेद पेन्सिलने खुणा करून ठेवा, पानाचा नंबर नाही तर परिच्छेदाचा नंबर लिहा. कोर्टात तोच सांगितला जातो.

‘हा निकाल लावा’ असं म्हणू नका. चार प्रश्न विचारा आणि उत्तरं तिथेच लिहून घ्या. हा निकाल माझ्या कोणत्या मुद्द्याला लागतो? माझ्या आणि त्या केसमध्ये फरक कुठे आहे, आणि समोरचा वकील कोणता फरक दाखवेल? याच्या विरुद्ध निकाल आहे का? मुदत कोणत्या तारखेला संपते? चौथ्याचं उत्तर तारखेत घ्या, ‘वेळ आहे’ एवढ्यावर उठू नका.

फीची सोय नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे या, बहुतेक ठिकाणी ती कोर्टाच्या आवारातच असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतले लोक यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. आधी फोनवर विचारायचं असेल तर १५१०० ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. अर्जाला आधार, जातीचा दाखला असेल तर तो, आणि केसचे कागद जोडा. मूळ कागद कुणालाही देऊ नका. मूळ दाखवा आणि झेरॉक्स द्या. कोर्टात मूळ दाखल करावाच लागला, तर वकिलाकडून त्याच्या यादीची सहीची प्रत घेऊन ती पिशवीत परत ठेवा.